क्लच दाबला की

कपडे मोजायच्या टेपने फोर्कलिफ्टची मोटर मोजणारी बाई त्या यार्डात आजवर कुणी पाहिली नव्हती.

ती मोटरीच्या एका टोकाशी गुडघे टेकून बसली होती आणि टेपचं दुसरं टोक पलीकडच्या कडेला अडकवायचा प्रयत्न करत होती. टेप कापडी, मोटर तेलकट. तीनदा टोक निसटलं. चौथ्यांदा निसटलं नाही. पलीकडून ते कुणीतरी धरलं होतं.

"एकोणचाळीस सेंटिमीटर," पलीकडून आवाज आला. "दांडा धरला तर सत्तेचाळीस."

"मी विचारलं नव्हतं."

"टेप विचारत होती."

तिने मान उंचावून पाहिलं. तिशीच्या आसपासचा माणूस. कानामागे पेन्सिल, कोपरापर्यंत ग्रीस, आणि डोळे असे की जणू आजचा अख्खा दिवस त्याला दुसरं काही कामच नाही. आसपास जुन्या फोर्कलिफ्ट ओळीने उभ्या होत्या. गोदामांमधून थकून आलेल्या, काही लोखंडी सुळे खाली टेकवलेल्या, काही अर्ध्या सोललेल्या. त्या दुरुस्त करून पुन्हा कामाला लावणं हा याचा धंदा. 

"कुठल्या मॉडेलला हवी?" त्याने विचारलं.

"फोर्कलिफ्टला नको. गाडीला हवी. साधी चार दारांची गाडी आहे, मावशीची. इंजिन काढून मोटर बसवणार आहे."

"कोण बसवणार आहे?"

"मी."

आता हा हसणार, याची तिने तयारी ठेवली होती. गेल्या पंधरा दिवसांत गॅरेजवाला हसला होता, बॅटरीवाला हसला होता, सख्खा मामा तर इतका हसला होता की त्याला ठसका लागला. हा हसला नाही. त्याने टेपचं टोक सोडलं, हात पुसले आणि म्हणाला, "मोटर नंतर बघू. आधी गाडीचं वजन सांगा."

"कागदावर लिहिलेलं आहे."

"कागदावर इंजिनसकट असेल. इंजिन काढल्यावर किती? टाकी काढल्यावर? पुढच्या चाकांवर किती, मागच्या चाकांवर किती?"

तिला काही सांगता आलं नाही. आणि काही सांगता न येणं ही तिच्या बाबतीत इतकी दुर्मिळ गोष्ट होती की ती सरळ टेप गुंडाळून चालू लागली.

"सावकाश," मागून तो म्हणाला. "त्या बाजूला तेल सांडलंय."

यार्डातल्या एका कामगाराने तेवढ्यात हाक मारली, "अरे सावकाश, इकडे ये जरा." तेव्हा तिला कळलं की हा शब्द तो दिवसातून इतक्यांदा वापरतो की लोकांनी त्याचं नावच ते ठेवलंय.

तिलाही असंच एक नाव होतं. टाचणी. शिवणयंत्रं दुरुस्त करणारी, शिडशिडीत, आणि बोलायला लागली की टोचणारी. गल्लीच्या तोंडाशी तिचं दुकान होतं, तीन पावलं रुंद आणि सात पावलं खोल. शिंपी, शिवणाचे क्लास चालवणाऱ्या बायका, पडदे शिवणारे, सगळे आपापली यंत्रं तिच्याकडे आणत. मशीनच्या आवाजावरून ती सांगायची की आत काय दुखतंय, आणि सहसा चुकायची नाही.

आईवडील लहानपणीच गेले. वाढवलं मावशीने. मावशी गाडी शिकवायची. एकवीस वर्षं, एकच गाडी, मावशीच्या पायाशी जादा ब्रेक आणि जादा क्लच. ज्यांना घरात कुणी गाडीला हात लावू देत नव्हतं अशा किती बायका त्या गाडीत घाबरत बसल्या आणि उतरताना खांदे ताठ करून उतरल्या, त्याची मोजदादच नव्हती. मावशी कधी ओरडायची नाही. "चुकलं? बरं झालं. आता परत चुका, पण मुद्दाम," असं म्हणायची.

आणि मग एका सकाळी चौकाच्या मधोमध गाडीचं इंजिन जाम झालं. कायमचं. मामा म्हणाला, भंगारात द्या. मावशीने दारावरची क्लासची पाटी उतरवून पुसली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. त्या पाटीची पाठ बघत टाचणीने आठ दिवस जेवण केलं, आणि नवव्या दिवशी ठरवलं.

*

आठवड्याने ती पुन्हा यार्डात आली ती वही घेऊन. गॅरेजवाल्याच्या मागे लागून तिने इंजिन उतरवून घेतलं होतं. इंजिन, रेडिएटर, धुराचा पाइप, पेट्रोलची टाकी, एकेक वस्तू काट्यावर चढवली होती. रिकामी गाडी दोरीने ओढत वजनकाट्यावर नेली होती, आधी पुढची चाकं, मग मागची.

सावकाशने वही पहिल्या पानापासून वाचली. बोट ठेवून, आकडा न आकडा. ती समोर उभी राहून घड्याळ पाहत होती... आणि घड्याळ पाहता पाहता त्याच्या कानामागची पेन्सिलही पाहत होती.

"हे सगळं तुम्ही केलंत?"

"नाही, शेजारीण करून गेली."

"शेजारणीचं अक्षर चांगलं आहे." त्याने पान उलटलं. "यात मावशींचं वजन नाही."

"ते विचारायचं धाडस तुम्ही करा."

तेव्हा तो हसला. हसायलाही त्याला वेळ लागत होता. आधी डोळे, मग गाल, आणि सगळ्यात शेवटी आवाज.

"बसा," त्याने एक लाकडी खोकं पुढे सरकवलं. "आता निवडू."

निवडणं म्हणजे काय हे तिला पुढच्या दोन महिन्यांत कळलं. ती समजत होती की बाजारात जायचं आणि सगळ्यात दणकट ते उचलायचं. त्याने एकेका वस्तूचा हिशेब उलटा मांडायला शिकवलं. गाडीला रोज किती फिरायचंय? शिकवणीच्या फेऱ्या धरून साठ किलोमीटर. किती वेगाने? शिकणारी बाई चाळीसच्या वर जात नाही. मग शंभरच्या वेगाची ताकद घेऊन करायचं काय?

फोर्कलिफ्टच्या जुन्या शिशाच्या बॅटऱ्या यार्डात ढीगभर पडल्या होत्या. तिला वाटलं, याच घालाव्यात. त्याने तिच्याच वहीवर पेन्सिल टेकवली. "मागच्या चाकांवर एवढा भार आला तर पुढची चाकं हलकी होतील. वळताना मावशींना आवडेल?" शिशाच्या बॅटऱ्या बाद झाल्या. त्यांच्या जागी लिथियमचे चोवीस सेल आले, साडेपाच किलोचा एक. बारा पुढे, बारा मागे. प्रत्येक सेल तिने स्वतः भरून, रिकामा करून, पुन्हा भरून तपासला. एकोणिसावा सेल हाताला इतरांपेक्षा किंचित कोमट लागला. आकड्यांत काही दिसत नव्हतं.

"हा नको," ती म्हणाली.

"मीटर तर बरोबर दाखवतंय."

"मीटरला हात नाहीत."

त्याने तो सेल बाजूला ठेवला. दोन दिवसांनी तो एका कडेने फुगला. सावकाश यार्डात येईल त्याला तो फुगलेला सेल दाखवून सांगत राहिला, "हे यांनी हाताने ओळखलं. नुसत्या हाताने." ती मान खाली घालून केबल सोलत बसायची. पण कान तिकडेच असायचे.

रविवारी तो मावशीच्या घरी येऊ लागला. घरामागे पत्र्याची शेड होती, तिथे गाडी ठोकळ्यांवर उभी होती. बाहेर पावसाची भुरभुर, पत्र्यावर तिचा बारीक आवाज, आत दोघं गाडीच्या दोन बाजूंना वाकलेले. मावशी चहा घेऊन यायची आणि खुर्ची टाकून बसायची.

एका रविवारी मावशीने त्याला विचारलं, "ब्रेकचं काय केलंत?"

"ब्रेक तेच आहेत, मावशी."

"तेच असून चालतील कसे? इंजिनच्या ओढीवर माझा ब्रेक हलका लागायचा. इंजिन तर काढलंत. आता काय मी दोन्ही पायांनी उभी राहू?"

तो टाचणीकडे बघू लागला. टाचणीने शांतपणे कपाटातून एक छोटा पंप काढून बॉनेटवर ठेवला. ब्रेकला ओढ देणारा, विजेवर चालणारा. चार दिवसांपूर्वीच तिने तो एका मोडीत निघालेल्या गाडीतून काढून आणला होता.

"तुम्हाला आधीच माहीत होतं?" तो म्हणाला.

"तुम्हाला कधी सुचतंय ते बघत होते, सावकाशराव."

मावशीने कपाच्या आडून दोघांकडे पाहिलं आणि चहाचा घोट जरा जास्तच मोठा घेतला.

*

मोटर मात्र तो दाखवत नव्हता. विचारलं की म्हणायचा, "होईल. सावकाश." तीन आठवडे गेले. मग एका शनिवारी दुपारी त्याने तिला यार्डाच्या मागच्या खोलीत नेलं आणि टेबलावरची ताडपत्री बाजूला केली.

तीच मोटर होती, पहिल्या दिवशी दोघांनी मोजलेली. पण ओळखू येत नव्हती. आतलं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं आरशासारखं घासलेलं, त्याला वीज पोचवणारे कार्बन नवे, बेअरिंग नवीन, आणि वरून गडद लाल रंग. मावशीच्या गाडीचाच लाल, तोच डबा शोधून आणलेला. त्याने बारा व्होल्टची छोटी बॅटरी जोडली. मोटर कुरकुर न करता फिरायला लागली. तिने डोळे मिटून आवाज ऐकला. कुठे खरखर नाही, कुठे लंगडणं नाही.

"रोज काम संपल्यावर थोडं थोडं करत होतो," तो म्हणाला. "तुमच्या... म्हणजे गाडीसाठी."

तिने मोटरीवर हात ठेवला. मोटर थांबल्यावरही तो उचलला नाही.

मोटर टेम्पोतून शेडमध्ये आली. पुढच्या शनिवारी बसवायचं ठरलं. आणि त्या मधल्या आठवड्यातल्या बुधवारी दुकानात एक घरगुती शिवणयंत्र दुरुस्तीला आलं.

साधंच काम होतं. तिने मोटर साफ केली, पट्टा चढवला, पायाखालचं पेडल पूर्ण दाबून पाहिलं. पट्टा जुना होता. तो मध्येच तुटला.

मोटरीवरचा भार एका क्षणात नाहीसा झाला, आणि ती वेड्यासारखी पळत सुटली. आवाज चढत गेला, चढत गेला, किंकाळीसारखा झाला. तिने पाय उचलला. तळहाताएवढी मोटर होती, पण ती थांबायला किती वेळ लागला.

असं पूर्वीही दहादा झालं होतं. दर वेळी ती नवा पट्टा चढवून मोकळी झाली होती. आज ती तुटका पट्टा हातात घेऊन बसून राहिली. या छोट्या मोटरीची आणि लाल मोटरीची जात एकच. भार आहे तोवर शहाणी. भार सुटला की आपल्याच वेगाने फाटेपर्यंत पळणारी. फोर्कलिफ्टमध्ये भार कधी सुटतच नाही, कारण फोर्कलिफ्टमध्ये मोटर कायम चाकांना जोडलेली असते. गाडीत मात्र...

तिने दुकान बंद केलं आणि घरी आली. मावशी भाजी निवडत बसली होती.

"मावशी, नवीन बाई पहिल्या दिवशी काय चूक करते?"

"कुठली एक सांगू?"

"सगळ्याजणी करतात अशी."

मावशीला विचार करावा लागला नाही. "क्लच दाबते आणि घाबरून दुसऱ्या पायाने अॅक्सिलरेटरही दाबते. पार तळापर्यंत. इंजिन बोंबलतं, ती आणखी घाबरते, आणखी दाबते. का गं?"

टाचणी खाली बसली. क्लच दाबला की मोटर मोकळी. अॅक्सिलरेटर तळाला. आणि ती लाल मोटर मावशीच्या पायांपासून हातभर अंतरावर.

"काही नाही," ती म्हणाली. मावशीने भाजीवरून नजर काढली नाही, पण तिचा हात थांबला होता.

*

दुसऱ्या दिवशी यार्डात जाताना तिने वाक्यं जुळवून ठेवली होती. तिथे पोचल्यावर त्यातलं एकही आठवेना. म्हणून जे होतं ते सरळ सांगितलं. पट्टा, किंकाळी, क्लच, घाबरलेली बाई.

तो ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बंद होत गेला, दुकानाचं शटर ओढावं तसा.

"सेन्सर लावू," तो शेवटी म्हणाला. "वेग वाढला की करंट तोडेल."

"सेन्सरची वायर तुटली तर?"

"का तुटेल?"

"का तुटेल ते मला माहीत नाही. पण तुटली तर समोर मावशीचे पाय आहेत. एका वायरीच्या भरवशावर मी तिला तिथे बसवणार नाही."

"मग क्लच काढून टाका."

"क्लच काढला तर ती शिकवणार काय? परीक्षेला येणाऱ्या बायकांना गिअरचीच गाडी लागते."

त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि पुन्हा तिथेच खोचली. मग म्हणाला, "मला गाडी चालवता येत नाही. फोर्कलिफ्टला क्लच नसतो. माझ्या डोक्यातच आलं नाही." आणि थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, "तीन आठवडे."

"मला माहीत आहे," ती हळूच म्हणाली. "इतकी सुंदर मोटर मी आजवर पाहिली नाही. पण ती... नको. ती नको आहे मला."

त्याने मान हलवली. दुपारी त्याने टेम्पो पाठवला आणि लाल मोटर परत नेली. स्वतः आला नाही.

शुक्रवार गेला. शनिवार गेला. रविवारी शेडमध्ये एकच कप चहा आला. टाचणी एकटीच बॅटरीच्या पेट्या बसवत होती. आपण बरोबर आहोत याची तिला पुरती खात्री होती. पण बरोबर असण्याने छातीतलं ओझं काही हलत नव्हतं.

"त्याला वाईट वाटलं असेल," मावशी म्हणाली.

"वाटू दे."

"तुलाही वाटतंय."

"मला रेंच दे."

मावशीने रेंच दिला. "एक सांगू? माझे पाय या गाडीत एकवीस वर्षं आहेत. त्यांची एवढी काळजी आजवर कुणी केली नव्हती." एवढं बोलून ती आत गेली. टाचणी बराच वेळ एकच नट पिळत राहिली. तो केव्हाच घट्ट झाला होता.

मंगळवारी सकाळी दुकानाच्या दारात सावकाश उभा होता. डाव्या हाताच्या अंगठ्याला पट्टी. त्याने खिशातून रुमाल काढला, काउंटरवर ठेवला आणि उघडला. आत तांब्याची एक पट्टी होती. वाकलेली, एका टोकाला फाटलेली.

"हे काय?"

"लाल मोटर."

तिने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"यार्डामागे सिमेंटचा खड्डा आहे. मोटर त्यात उतरवली, वाळूच्या गोणी रचल्या, भिंतीआड उभा राहिलो आणि पूर्ण व्होल्टेज दिलं. भार न लावता." तो थांबला. "सहा सेकंद. सात असतील फार तर. ही पट्टी गोणीतून आरपार गेली. अंगठा नंतर कापला, तुकडे गोळा करताना."

"पण... का? मी सांगितलं होतं ना."

"तुम्ही सांगितलं होतं. मला पटलंही होतं. पण मनाच्या कोपऱ्यात एक किडा वळवळत होता, की बाई उगाच घाबरली, माझी मोटर काही फाटली नसती. तो किडा तसाच राहिला असता, तर तुमच्याबद्दल अढी राहिली असती." त्याने रुमालाच्या कडा सरळ केल्या. "मला ती नको होती."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. टाचणीने वाकलेली पट्टी उचलली, तळहातावर तोलली. इतकी घासलेली, इतकी चकचकीत. तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते लपवले नाहीत.

"राग आला होता?" तिने विचारलं.

"दोन दिवस. मग मोटर फाटली. तेव्हा भिंतीआड उभा होतो ना, तेव्हा वाटलं..." तो शब्द शोधत राहिला. "अभिमान वाटला. यार्डात आम्ही दहाजण, सगळे मोटरीत म्हातारे होत आलेले. आणि हे ओळखलं कुणी, तर शिवणयंत्रवालीने."

"बसा," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे सरकवली. "आता पुन्हा निवडू."

*

या वेळी मोटर तिने निवडली. नव्या पद्धतीच्या फोर्कलिफ्टमधली, कार्बन नसलेली. तिचा कंट्रोलर तिच्या प्रत्येक फेरीवर नजर ठेवायचा. सांगितलेल्या वेगापलीकडे ती जायचीच नाही, भार असो वा नसो; आणि वायर तुटली तर पळायचं सोडून गपगार थांबायची. ताकद लाल मोटरीपेक्षा कमी होती. दिसायलाही काही खास नव्हती, राखाडी डब्यासारखी.

"हिला रंग देऊ?" त्याने विचारलं.

"नको. हिला जशी आहे तशी राहू दे."

मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामधली जोडप्लेट त्याने लेथवर कातली. दोन दांडे एका रेषेत आले की नाही हे तिने तपासलं, तीनदा, आणि तीनदा परत पाठवली. चौथ्यांदा केसाचाही फरक राहिला नाही. त्या प्लेटवर तो बोट फिरवत म्हणाला, "आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम. तुम्ही करून घेतलंत."

सगळ्यात अवघड मागणी मावशीची निघाली. क्लच कसाही सोडला तरी मोटरीची गाडी बंद पडत नव्हती. दोघं खूश होते. मावशी नव्हती.

"बंद पडलीच पाहिजे," ती म्हणाली. "चुकल्यावर गाडी बंद नाही पडली, तर बाईला कळणार कसं की चुकलं?"

"मावशी, जगभरातले लोक गाडी बंद पडू नये म्हणून धडपडतात," सावकाश म्हणाला.

"त्यांना गाडी शिकवायची नसते."

मग दोघांनी दोन रविवार कंट्रोलरमध्ये डोकं घातलं. उभी असताना मोटर इंजिनासारखी संथ फिरत राहील, आणि क्लच झटकन सोडला की थबकून बंद पडेल, असं जुळवलं. पहिल्यांदा गाडी आचका देऊन बंद पडली तेव्हा दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मावशीला खुर्ची दुसरीकडे फिरवून बसावं लागलं.

गाडी तपासणीला नेली त्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. परिवहन खात्याचे अधिकारी कपाळाला आठ्या घालून आले. त्यांनी बॉनेट उघडलं, केबल मोजल्या, फ्यूज काढून पाहिला, खाली झोपून जोडप्लेट पाहिली. मग स्वतः आत बसले, क्लच दाबला आणि अॅक्सिलरेटर तळापर्यंत नेला. मावशीने टाचणीचा हात घट्ट धरला. मोटर थोडी चढली, ठरलेल्या जागी थांबली आणि तिथेच एकसुरात फिरत राहिली.

अधिकाऱ्यांच्या आठ्या सैल झाल्या. "ही मोटर कुणी निवडली?" त्यांनी सावकाशला विचारलं. ग्रीस त्याच्याच हातांवर होतं ना.

"यांनी," तो म्हणाला आणि एक पाऊल मागे सरकला, ती पुढे दिसावी म्हणून. "मी दुसरी देत होतो. ती यांनी नाकारली, म्हणून आज आपण सगळे इथे उभे आहोत."

अधिकारी तिच्याकडे वळले. तिने खांदे ताठ केले आणि पहिल्या वजनापासून शेवटच्या नटापर्यंत सगळं सांगितलं. वही लागली नाही. सांगताना एकदाच तिची नजर बाजूला गेली. सावकाश तिच्याकडे बघत नव्हता. तो आजूबाजूच्या लोकांकडे बघत होता, ती बोलते आहे ते सगळ्यांना नीट ऐकू जातंय ना, याची खात्री करत.

तिला आतून काहीतरी उलगडल्यासारखं झालं. इतके दिवस ज्याला ती नाव देत नव्हती, ते.

*

कागदांवर शिक्का बसला. परत येताना मावशी गाडी चालवत होती. पुढच्या सीटवर कागदपत्रांची पिशवी आणि तपासणीसाठी नेलेली हत्यारं, म्हणून दोघं मागे बसले. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना उंच झाडं, आणि काचेतून येणारं ऊन त्याच्या हातावर, तिच्या गुडघ्यावर, पुन्हा त्याच्या हातावर असं सरकत होतं.

मग तो तिच्याकडे किंचित झुकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "एक विचारायचं होतं."

"विचारा."

"आता गाडी झाली. रविवारी... मी कशाला येऊ?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "कशाला यायचंय?"

"गाडीसाठी येत होतो असं म्हणता येईल. पण दुसऱ्या आठवड्यापासून ते खरं नव्हतं. मला तुमच्यासोबत राहायचं आहे. म्हणजे... नुसतं रविवारी नाही."

"अरे, जरा मोठ्याने बोललास तरी चालेल," पुढून मावशी म्हणाली. "या गाडीला आता आवाज नाही. मला मघापासून सगळं ऐकू येतंय."

सावकाशचे कान लाल झाले. टाचणीने तोंडावर हात धरला. मावशीने आरशात पाहिलं, बाजूचा दिवा लावला, गाडी अगदी नीट कडेला घेतली आणि थांबवली.

"उतरा दोघं."

"मावशी..."

"घर दीड किलोमीटर आहे. चालत या. मी शिकवते तेव्हा एका वेळी एकालाच गोंधळू देते. इथे दोघंही गोंधळलेले. माझ्याच्याने गाडी चालवणं होणार नाही."

ती दोघं उतरली. गाडी हलली, पहिला गिअर, दुसरा, झाडांच्या सावल्यांमधून सरकत गेली, आणि मागे राहिला फक्त टायरखाली चिरडणाऱ्या पानांचा बारीक आवाज. मग तोही गेला.

रस्त्यावर दोघंच. तो खिशात हात घालून उभा होता, उत्तर काहीही आलं तरी ते उभ्यानेच घ्यायचं असं ठरवल्यासारखा.

"तुम्ही नाही म्हटलंत तरी चालेल," तो म्हणाला. "तुमचं 'नाही' मी पाहिलंय. ते उगाच नसतं. मी त्याला मान देईन."

"आणि 'हो'?"

"ते अजून पाहिलं नाही."

तिने त्याचा हात खिशातून बाहेर काढला. पट्टी केव्हाच निघाली होती, अंगठ्यावर बारीक पांढरी रेघ राहिली होती. त्या रेघेवर तिने आपला अंगठा ठेवला आणि मान वर करून त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"मग बघ," ती म्हणाली.

एवढे महिने अहोजाहो चाललं होतं. ते 'बघ' ऐकून तो हसला. आधी डोळे, मग गाल. आवाज यायच्या आतच ती त्याचा हात धरून चालायला लागली होती, खांदे ताठ, भर रस्त्यातून, येणाराजाणारा प्रत्येकजण बघेल अशी.